सगळे उभे राहिले तेव्हा

जीप तलावाच्या काठाला येऊन थांबली तेव्हा ओबाया पुलालो मुलांकडून पाढे म्हणवून घेत होता. शाळा पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी होती, त्यामुळे काठावर काय चाललंय ते वर्गात बसल्या बसल्या दिसायचं. जीपमधून कॅप्टन विर्योनो उतरला, एका कोळ्याला हाक मारून त्याच्या होडीत बसला आणि सरळ शाळेकडे यायला लागला. मुलं आपोआप गप्प झाली.

"चालू द्या, चालू द्या," कॅप्टन दारात उभा राहून म्हणाला. माणूस जावाचा, बोलायला मऊ. "गुरुजी, अभिनंदन करायला आलोय. तुमची निवड झाली."

"कसली निवड?"

"परिषदेवर. नाव तुमच्या थोरल्या भावाचं होतं, गावचे प्रमुख म्हणून. पण त्यांचा ताप उतरत नाहीये असं कळलं. मग म्हटलं, गुरुजी आहेत की."

गावाने कुणाला निवडलं नव्हतं. निवडायचंय हेसुद्धा गावाला कुणी सांगितलं नव्हतं. पण कॅप्टनच्या मागे दोन बंदूकवाले उभे होते, आणि पुढच्या बाकावरची पोरं त्या बंदुकांकडे टक लावून बघत होती. ओबाया म्हणाला, "बरं."

"परवा न्यायला येतील. कपडे आणायची गरज नाही, तिथे नवे मिळतील." जाता जाता कॅप्टन वळला. "हो, तुमची लुदिया भेटली होती. हॉस्पिटलच्या वसतिगृहात गेलो होतो. हुशार पोरगी आहे. चांगली नर्स होईल. तिची काळजी करू नका, आमचं लक्ष असतं."

ओबायाने खडू खाली ठेवला.

याच फळ्यावर त्याने पूर्वी डच राणीचं नाव लिहिलं होतं. जवळच्या शहराला तेव्हा होलांडिया म्हणत. मग डच गेले, काही महिने मध्यस्थ म्हणून निळ्या टोप्यांचे पाकिस्तानी शिपाई आले, ते गेले आणि इंडोनेशिया आला. शहर कोटाबारू झालं, मग सुकर्णपुरा, आता जयापुरा. दर वेळी ओबायाने जुनं नाव पुसून नवं लिहिलं आणि मुलांकडून पाठ करून घेतलं. डचांनी जाताना तोंडभर सांगितलं होतं की तुम्हाला विचारलं जाईल. इंडोनेशियात राहायचं की आपलं आपण व्हायचं, हे पापुआचा माणूस ठरवेल. दूरच्या कुठल्याशा शहरात तशा सह्याही झाल्या होत्या. लोकांना वाटलं, प्रत्येकाला विचारतील. आता विचारायची वेळ आली तेव्हा सरकार म्हणालं, प्रत्येकाला कशाला? निवडक माणसं एकत्र बसतील, चर्चा करतील आणि एकमताने सांगतील.

त्या निवडकांत आता तो होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योताम आला. ओबायाच्या बायकोचा, ओर्पाचा, धाकटा भाऊ. पूर्वी बंदरात कारकून होता. गेल्या वर्षी एका मोर्चात पकडला गेला, सुटला, आणि तेव्हापासून त्याचा पत्ता कुणाला नसायचा. सागोच्या बनातून चिखल तुडवत तो मागच्या बाजूने घरात शिरला. ओर्पाने काही न विचारता त्याच्यापुढे ताट ठेवलं. दोन काठ्यांवर सागोच्या पिठाचा चिकट पापेदा गुंडाळून त्याने माशाच्या रश्शात बुडवला आणि चार घास पोटात गेल्यावर मग तोंड उघडलं.

"दाजी, हॉलमध्ये शेवटी काय होणार माहीत आहे? इंडोनेशियात राहायला जे सहमत असतील त्यांनी उभं राहावं, असं म्हणणार. दुसऱ्या जिल्ह्यांत तसंच झालंय. सगळे उभे राहिले."

"मग?"

"तुम्ही बसून राहा."

ओर्पा मागे वळली.

"हे सगळं बघायला आलेला परदेशी निरीक्षक पुढेच बसतो," योताम म्हणाला. "त्याच्यासमोर एक माणूस जरी बसून राहिला तरी त्याला लिहावं लागेल. एकमत झालं नाही, असं लिहावं लागेल. आम्हाला दुसरं काही नको."

"आणि मग त्याला गोळी घातली की ते पण लिहील का तुझा निरीक्षक?" ओर्पाने विचारलं.

"ताई, सगळ्यांच्याच घरी बायकामुलं आहेत."

"सगळ्यांच्या पोरी त्यांच्या वसतिगृहात नाहीत. कॅप्टन काय बोलून गेला ते तू ऐकलं नाहीस." ती नवऱ्याकडे वळली. "हे बघ, तू उभा राहा. सगळ्यांच्या आधी उभा राहा. टाळ्या वाजव. आणि माझी पोरगी मला परत आणून दे. देश काय, आज हा आहे, उद्या दुसरा येईल."

"असं म्हणूनच तर..." योतामने सुरुवात केली.

"तू जेव," ती म्हणाली.

ओबायाचं मनाशी ठरलं होतं. तो उभा राहणार होता. यात त्याला फार लाजही वाटली नाही. लुदियाचा चेहरा डोळ्यांपुढे आला की बाकी सगळं मागे पडायचं.

शहरात निवडलेल्या सगळ्यांना शिपायांच्या जुन्या बराकीत ठेवलं. भोवती तार, फाटकावर पहारा. प्रत्येकाला पांढरा सदरा, काळी पँट, बूट, सिगारेटी. जेवण भरपूर होतं. बाहेर मात्र जाता यायचं नाही, आणि नातेवाइकांना फाटकावरूनच परत पाठवायचे. ओबायाच्या शेजारची खाट एलिएजर देदाची होती. तलावाच्या पलीकडच्या वाडीचा, दुकान चालवायचा, आणि गप्प बसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"गुरुजी, हे बूट बघा," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "दोन्ही डाव्या पायाचे. म्हणजे चालायला नाही, नुसतं उभं राहायला दिलेत."

आजूबाजूचे हसले, आणि हसता हसता दाराकडे बघून थांबले.

रोज सकाळी तालीम व्हायची. एकाने अध्यक्ष व्हायचं, बाकीच्यांनी खुर्च्यांवर बसायचं. "सहमत असाल तर उभे राहा" म्हटलं की उठायचं, सगळ्यांनी एकदम, खुर्च्यांचा गोंधळ न करता. एके दिवशी डोंगराकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आणि सहमत नसलो तर काय करायचं?" त्याने भाबडेपणाने विचारलं की मुद्दाम, ते कुणाला कळलं नाही. दुपारी त्याला कॅप्टनच्या खोलीत बोलावलं. संध्याकाळी तो परत आला, भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि त्यानंतर त्याला बोलताना कुणी ऐकलं नाही. त्या दिवसानंतर एलिएजरचे विनोदही कमी झाले.

भाषणं करायला चारपाच जण नेमले होते. त्यांना कागद दिले होते, पण त्यांची मलय, म्हणजे सरकारी भाषा, कच्ची. कॅप्टनने ओबायाला बोलावलं.

"गुरुजी, यांच्याकडून नीट म्हणवून घ्या. परदेशी पाहुण्यांसमोर चुका नकोत."

भाषण करणाऱ्यांत सीलास होता, ओबायाचाच जुना विद्यार्थी. आता कचेरीत शिपाई. त्याने वाचलं, "आमच्या लोकांच्या मनात शंका नाहीत आहे."

"'शंका नाही'," ओबाया सवयीने म्हणाला. "नाहीतर 'शंका नाहीत'. 'आहे' कशाला?"

"आमच्या लोकांच्या मनात कसलीही शंका नाही."

"छान." मग त्याने पुढच्याला वाचायला सांगितलं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी लुदियाला भेटायला आणलं. इतर कुणाच्या मुलांना आणलं नव्हतं. नर्सच्या पांढऱ्या गणवेशात ती फाटकातून आली, हातात मिठाईचा पुडा, सोबत कॅप्टन.

"बाबा, तू इथे आहेस हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "कॅप्टनसाहेबांनी जीपमधून आणलं. उद्या सभा झाली की परत आणणार आहेत."

"आणणारच," कॅप्टन म्हणाला. "उद्या सगळं नीट पार पडलं की बापलेकीने पोटभर बोलावं."

लुदिया हसली. तिला काही कळलं नव्हतं. ओबायाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अभ्यासाचं काहीबाही विचारलं. ती गेल्यावर तो खाटेवर बसला तर एलिएजर हळूच म्हणाला, "उभे राहा गुरुजी. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. मी पण उभा राहणार आहे."

"मी उभाच राहणार आहे," ओबाया म्हणाला.

हॉलमध्ये उकाडा मी म्हणत होता. पंखे होते, पण ते पुढच्या रांगेवर फिरत होते, जिथे मंत्री, सेनाधिकारी आणि परदेशी पाहुणे बसले होते. निरीक्षक उंच, पिकल्या केसांचा, मांडीवर वही घेतलेला. प्रतिनिधींच्या रांगांच्या कडेने शिपाई. ओबाया मधल्या रांगेत, उजवीकडे एलिएजर, डावीकडे तो डोंगराकडचा म्हातारा.

भाषणं झाली. एकाने विकासाची स्तुती केली, एकाने डचांना शिव्या घातल्या. मग सीलास उठला. कागद न बघता, एकही चूक न करता त्याने म्हटलं, "आमच्या लोकांच्या मनात कसलीही शंका नाही." वाक्य अगदी बरोबर होतं. ओबायाला वाटलं, हे आपणच बोललो. आपल्या गावाच्या, ओर्पाच्या, योतामच्या मनात काय आहे ते आपण इतक्या शुद्ध भाषेत खोटं सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "जे सहमत असतील त्यांनी उभं राहावं."

सगळे उठले. खुर्च्यांचा आवाज झाला नाही. तालीम चांगली झाली होती. ओबायाने उठायला गुडघ्यांवर हात ठेवले. लुदियाचा चेहराही त्याने आठवून पाहिला. पण हात गुडघ्यांवरच राहिले. तो उठला नाही. त्याने ठरवलं असं म्हणता येणार नाही. ठरवलं होतं ते तर उलटंच होतं. तो नुसता बसून राहिला.

आणि त्याला काहीच दिसेना. पुढे पाठी, मागे पोटं, दोन्ही बाजूंना काळ्या पँटी. निरीक्षक कुठे, मंत्री कुठे, काही कळेना. मग त्याच्या ध्यानात आलं की त्याला जसं कुणी दिसत नाही, तसा तोही कुणाला दिसत नाही. आता ओरडायला हवं, त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं. त्याच क्षणी एलिएजरने खाली पाहिलं. त्याने ओबायाच्या खांद्यावर हात ठेवून जोराने दाबला आणि कडेच्या शिपायाला दिसू नये म्हणून पाऊलभर सरकून त्याला झाकून उभा राहिला. ओबायाने तोंड मिटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग सगळे खाली बसले, आणि बसलेल्यांत तोही एक बसलेला होता.

निरीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं. एकमत, असं दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं.

पण मागच्या रांगेतल्या कुणीतरी पाहिलं होतं. सभा संपल्यावर दुपारीच कॅप्टनने ओबायाला बोलावलं. टेबलावर चहाचे दोन पेले होते.

"गुरुजी, पायात गोळा आला होता का?"

ओबायाला हो म्हणता आलं असतं. "नाही," तो म्हणाला.

कॅप्टनने चहाचा एक पेला त्याच्याकडे सरकवला. "आला होता. नाहीतर मला लिहावं लागेल की एक माणूस बसून होता. मग तो का बसला, बाकीचे बसले होते का, मी काय करत होतो, हे सगळं लिहावं लागेल. ते कुणालाच नकोय. मलाही दोन मुलं आहेत, गुरुजी. तेव्हा तुम्ही उभे राहिलात. सगळे उभे राहिले. दुसरं काही बाहेर बोललात तर ते खोटं असेल, आणि खोटं बोलणाऱ्याचं काय करायचं ते आम्हाला माहीत आहे. चहा घ्या."

त्याला घरी सोडलं, सगळ्यांसारखाच एक ट्रान्झिस्टर देऊन. लुदियाला मात्र भेटू दिलं नाही.

गावात कुणी त्याच्याशी बोललं नाही. थोरल्या भावाने त्याला बघून तापातच भिंतीकडे कूस बदलली. म्हातारे ओट्यावर सुपारी खात बसले होते, त्यांनी पिशवी त्याच्यापुढे केली नाही. शाळेत मोजकी मुलं आली. ओर्पा मात्र खूश होती. तिने मोठा मासा आणला होता.

"बोलू देत त्यांना," ती म्हणाली. "पोरगी सुखरूप आहे ना, मग झालं."

ओबायाने ताटाला हात लावला नाही. "ओर्पा, मी बसून राहिलो."

तिच्या हातातली काठी तशीच थांबली. "काय?"

त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. "पोरगी त्यांच्या हातात असताना?" ती म्हणाली. "तिला समोर आणून दाखवली तरी? आणि निरीक्षकाने तुला बघितलंसुद्धा नाही?" मग तिने ताट उचललं आणि सगळं अन्न फळ्यांमधल्या फटीतून तलावात ढकललं. त्यानंतर ती त्याच्याशी फक्त भांडायला बोलायची. बापाने पोर विकली, ते पण फुकट, असं ती त्याला उठता बसता ऐकवायची. गाव उभं राहिल्याबद्दल त्याचं तोंड बघत नव्हतं, आणि घरात तो बसल्याबद्दल शिव्या खात होता.

आठवड्याने योताम आला. या वेळी उंबरठ्याच्या आत आला नाही.

"ताई, तुझा निरोप घ्यायला आलोय. मी पूर्वेला चाललो, ऑस्ट्रेलियनांच्या हद्दीत. इथे आता काही उरलं नाही." ओबायाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"योताम, मी उभा राहिलो नव्हतो," ओबाया म्हणाला.

योताम हसला. "दाजी, मला पाच जण भेटले. पाचही जण म्हणाले, आम्ही बसून होतो. हॉल नुसता बसलेल्यांनी भरला होता वाटतं."

ओबायाला एलिएजर आठवला. त्याला साक्षीला बोलवावं तर त्यालाही आपण उभे होतो हे योतामच्या तोंडावर कबूल करावं लागेल. आणि बोलावणार कसं?

ओर्पा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "तो बसला होता."

"तुला कसं माहीत? तो सांगतो म्हणून?"

"आठ दिवस मी या माणसाला शिव्या घालतेय. त्याला उपाशी ठेवलाय. तो उभा राहिला असता तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचले असते, हे तुला माहीत नाही का? मीच त्याला सांगितलं होतं उभा राहा म्हणून, तुझ्यासमोर." तिचा आवाज चढला. "मूर्ख आहे तो. पण बसला होता."

योताम उंबरठ्यावरच खाली बसला. मग म्हणाला, "दाजी, मी हे तिकडे जाऊन सांगू?"

"नाव घेतलंस तर लुदिया..." ओबाया म्हणाला.

"लुदियाला तू बरोबर घेऊन जा," ओर्पा म्हणाली. दोघेही तिच्याकडे बघायला लागले. "उद्या बाजाराचा दिवस. मी वसतिगृहात जाते, मामा मरायला टेकलाय सांगते आणि तिला घेऊन येते. तू बंदराच्या पलीकडे थांब."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही इथेच. गावाने याचं तोंड बघायला नको का थोडे दिवस?"

तसंच झालं. बाजाराच्या गर्दीतून ओर्पा लेकीला घेऊन चालत गेली, हातात माशांची टोपली, आणि येताना टोपली घेऊन एकटीच परतली. लुदिया रडत गेली. तिला नर्स व्हायचं होतं.

दोनच दिवसांत कॅप्टन आला. या वेळी तो मऊ बोलला नाही.

"मुलगी कुठे आहे?"

"मामाकडे," ओर्पा म्हणाली.

ते खरंच होतं, म्हणून तिला ते ठाम सांगता आलं. कॅप्टनने ओबायाला जीपमध्ये घातलं. सभेचा विषय त्याने एकदाही काढला नाही. गुन्हा दाखल झाला तो मुलीला परवानगीशिवाय पळवल्याचा. ओबाया पावसाळा संपेपर्यंत कोठडीत होता. परत आला तेव्हा एका कानाने ऐकू येत नव्हतं, आणि शाळेत दुसरा मास्तर बसला होता. पण होडी घराला लागली तेव्हा थोरल्या भावाने हात देऊन त्याला वर घेतलं, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी सरकून जागा केली. कुणी काही विचारलं नाही. ओर्पाने काही सांगितलं होतं की त्यांचं त्यांनीच ओळखलं, कोण जाणे.

काही दिवसांनी हद्दीपलीकडे सागो विकायला जाणारा एक जण निरोप घेऊन आला. दोघं पोचले. लुदिया मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करते. योतामने गोऱ्या अधिकाऱ्याला सांगितलं की जयापुराच्या हॉलमध्ये एक माणूस बसून होता. अधिकारी म्हणाला, अहवालात तसं नाही. त्या माणसाचं नाव काय? योतामने नाव सांगितलं नाही. मग अधिकाऱ्याने काही लिहून घेतलं नाही.

निरोप्या गेला. ओबाया चांगला कान बाहेरच्या बाजूला करून बसला होता. ओर्पा सागोच्या खोडाचा भुसा पाण्यात पिळत होती.

"नाव सांगायला हवं होतं त्याने," ती म्हणाली.

"मीच तर नको म्हटलं होतं."

"तेव्हा पोरगी इथे होती." तिने मूठभर भुसा पिळून बाजूला फेकला. "पुढच्या वेळी कुणी नाव विचारलं की सांगू दे."

"पुढची वेळ यायची आहे का?"

"का, यायला नको?" ती म्हणाली, आणि पुढची मूठ भरून घेतली.